आधी वाफसा, मग तिथी

माझे आजोळ गोव्यातले, मांडवी नदीच्या काठचे. घरामागे माडांची रांग, तिच्यापलीकडे मातीचा बांध आणि बांधाच्या आत खाजनाची भातशेती. सुट्टीत आम्ही मुले अंथरुणावर पडलो की आजोबा कंदील घेऊन मानशीकडे निघत. भिंतीवर घड्याळ होते, पण निघायची वेळ ते तिथीवरून काढत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे गणित मी पावकीचा पाढा शिकण्याआधी त्यांच्या तोंडून ऐकले. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती आणि तिथून सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. कोकणपट्टीवर ढोबळ अंदाजाला हा हिशोब आजही पुरतो. खाडीत जसजसे आत जावे तशी त्यात थोडी भर घालावी लागते.

घाटावरच्या वाचकाला खाजन म्हणजे काय ते सांगायला हवे. भरतीचे खारे पाणी सहज शिरेल अशी ही खाडीकाठची सखल जमीन. गावकऱ्यांनी कित्येक पिढ्यांपूर्वी माती, चिरे, बांबू आणि पेंढा वापरून बांध घातले आणि ती समुद्राकडून मागून घेतली. गोव्यात असे सुमारे १८ हजार हेक्टर क्षेत्र मोजले जाते. बांधात जागोजागी मानस असते, म्हणजे झडपांचे लाकडी दार. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते; ओहोटी लागली की आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. पावसाचे पाणी जमिनीतला खार धुऊन काढते आणि मग कोरगुटासारखे खार सोसणारे भात तिथे उभे राहते. अमावास्या आणि पौर्णिमेला लागून उधाण येते, अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी. उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच रात्री आले तर झडप मिटलेली राहते आणि आत पाणी तुंबत जाते. त्या रात्री बांधावर माणूस लागतोच. बांध फुटून खारे पाणी शेतात पसरले, तर त्या जमिनीला पुन्हा धड पीक द्यायला पावसाळे खर्ची पडतात.

चंद्राच्या कलेने शेती करतात असे कोणी म्हणाले की मला आधी ही मानस आठवते. तिथे चंद्राचे काम डोळ्यांना दिसते, हाताला जाणवते आणि चुकले तर वर्षाचे भात जाते. परसबागेच्या या पुस्तकाची सुरुवात मी खाजनापासून केली, कारण गेली काही वर्षे चंद्र आणि बाग या विषयावर जे वाचायला मिळते त्यात श्रद्धा, अनुभव, मोजलेले सत्य आणि दुकानदारी एकाच टोपलीत असतात. ती टोपली निवडायला हवी असे मला मनापासून वाटते. तांदूळ निवडताना आपण खडे टाकतो, तांदूळ टाकत नाही.

पहिला खडा नक्षत्रांच्या घोटाळ्याचा. आपला शेतकरी रोहिणी, मृग, आर्द्रा म्हणतो तेव्हा तो चंद्राबद्दल बोलत नसतो. चंद्र सत्तावीस नक्षत्रे सव्वासत्तावीस दिवसांत ओलांडतो. एका नक्षत्रात त्याचा मुक्काम जेमतेम एक दिवस. पावसाची नक्षत्रे सूर्याची. सूर्य प्रत्येक नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो. ७-८ जूनला तो मृगात येतो, २२ जूनच्या आसपास आर्द्रेत, जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुनर्वसूत. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, त्याच्या मागून पुष्याचा म्हातारा. कोल्हा, बेडूक, म्हैस, मोर ही वाहने त्याच सूर्यनक्षत्रांची. तरीही ‘नक्षत्रावर पेरणी’ याचा अर्थ ‘चंद्रावर पेरणी’ असा लावून लिहिलेले मजकूर मी छापील पाहिले आहेत.

खरे तर मराठी माणसाकडे दोन घड्याळे होती. शिवाराला सूर्याचे, परसाला चंद्राचे. यामागे पक्का हिशोब आहे. बारा चांद्रमासांचे वर्ष ३५४ दिवसांचे, म्हणजे सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवसांनी तोकडे. ती तूट साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास घालून भरून काढतात. त्यामुळे तीच तिथी एखाद्या वर्षी दोन-तीन आठवडे मागेपुढे पडते. अक्षय तृतीया २०२३ साली २२ एप्रिलला होती, २०२४ साली १० मेला. कोरडवाहू बाजरीची किंवा भुईमुगाची पेरणी कोणी अशा तिथीला बांधली असती, तर घरात दाणा आला नसता. म्हणून पेरणी सूर्यनक्षत्राला बांधली. परसातले काम मात्र विहिरीच्या पाण्यावर, मोरीच्या सांडपाण्यावर चालायचे. तिथे पंधरा दिवस इकडचे तिकडे झाले तरी बिघडत नव्हते. अक्षय तृतीयेला वेलांची आळी करायची, दुधी, दोडका, पडवळ, काकडी टोकायची ही रीत त्यातूनच टिकली. बी उन्हाळ्यात पडते, हाताने घातलेल्या पाण्यावर रुजते आणि मृगाचा पाऊस येतो तेव्हा वेल मांडवाला हात घालण्याच्या बेतात असतो. सांगलीकडे हळदीच्या लागणीची सुरुवातही याच दिवसाच्या आसपास करतात. तिथी इथे बियाण्यावर काही करत नाही. ती घरातल्या प्रत्येकाला एकाच दिवशी कुदळ हातात घ्यायला लावते, आणि हे काही थोडे नाही.

सूर्यनक्षत्रांबद्दलही एक गोष्ट सांगून ठेवते. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो, त्यामुळे सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या मानाने सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. वराहमिहिराच्या काळी, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी, सूर्य आजच्या दिनदर्शिकेच्या हिशोबाने मेच्या तिसऱ्या आठवड्यातच मृगात येत असे. मृगाला पाऊस येतो हे वाक्य तेव्हाच्या महाराष्ट्रात आजच्याइतके खरे नसणार. म्हणजे आपल्या आडाख्यांची पोथी कोणीतरी पिढ्यानपिढ्या आभाळाकडे बघून दुरुस्त करत आले आहे. परंपरा म्हटली की गोठलेले काहीतरी डोळ्यांसमोर आणणाऱ्यांनी आणि तिला हात लावू नका म्हणणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

आज बाजारात चंद्राची जी बागकाम-दिनदर्शिका मिळते तिचे मूळ मात्र बरेचसे युरोपात आहे. रुडॉल्फ स्टायनर यांनी जून १९२४मध्ये कोबरविट्झ इथे (हे गाव आता पोलंडमध्ये आहे) शेतीवर आठ व्याख्याने दिली आणि त्यातून बायोडायनॅमिक शेती उभी राहिली. गाईच्या शिंगात शेण भरून ते थंडीभर जमिनीत पुरायचे ही कृती तिथली. पुढे जर्मनीत मारिया थून यांनी १९५०च्या दशकात मुळ्याच्या वाफ्यांपासून सुरुवात करून चंद्र ज्या राशीत असेल त्याप्रमाणे मूळ, पान, फूल आणि फळ असे दिवस पाडले. त्यांचे वार्षिक पंचांग १९६३पासून निघत आले. बाई चिकाटीच्या होत्या, वर्षानुवर्षे रोज पेरून बघत होत्या, आणि त्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. पण इतरांनी जर्मनीतच काटेकोर चाचण्या घेतल्या तेव्हा त्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे हाती आले नाहीत. २०२० साली स्पॅनिश संशोधकांनी चंद्र आणि शेती यांवरचे उपलब्ध वाङ्मय तपासले. पेरणीच्या तिथीमुळे उत्पन्न वाढते असे म्हणायला आधार सापडत नाही, असेच त्यांचे मत पडले.

‘समुद्र ओढला जातो, मग झाडातला रस का नाही’ हा प्रश्न मला दर व्याख्यानात विचारला जातो. प्रश्न सरळ आहे आणि त्याचे उत्तरही सरळ द्यायला हवे. पृथ्वीची चंद्राकडची बाजू आणि पलीकडची बाजू यांत बारा-तेरा हजार किलोमीटरचे अंतर आहे. या दोन टोकांवरच्या ओढीत जो फरक पडतो त्याने भरती येते, आणि तीही अथांग, सलग पाण्याला. तळ्याला किंवा विहिरीला डोळ्यांना दिसेल अशी येत नाही. टोमॅटोच्या दीड हात उंचीच्या रोपात हा फरक मोजण्याइतकाही उरत नाही. रोपात पाणी चढते ते पानांतून होणाऱ्या बाष्पाच्या ओढीने, म्हणजे सूर्य, वारा आणि मुळाशी असलेला ओलावा यांच्या जोरावर.

याचा अर्थ चंद्राला बागेत काहीच काम नाही असा कोणी घेऊ नये. त्याचा प्रकाश आहे. पौर्णिमेचे चांदणे भर दुपारच्या उन्हाच्या साधारण चार लाखाव्या भागाइतके. पानाला अन्न शिजवायला ते पुरत नाही, पण किड्यांना वाट दाखवायला पुरते. प्रकाश सापळ्यात काळोख्या रात्री पतंग जास्त येतात आणि चांदण्यात कमी, हा अनुभव कीटकशास्त्रज्ञांचाही आहे. विदर्भ-मराठवाड्यातला कापूसवाला शेतकरी अमावास्या जवळ आली की बोंडअळीच्या पतंगांची आणि त्यांच्या अंड्यांची धास्ती घेतो. फवारणीचा विचार करतो तोही त्या दिवसांच्या मागेपुढे. परसबागेतही काळोख्या पंधरवड्याच्या अखेरीला वांगी, भेंडी, कोबी यांची पाने उलटून बघावीत. अंडी असतील तर तेव्हाच बोटाने चिरडता येतात; आठवड्याने अळी झाली की ती आत शिरते आणि मग निंबोळी अर्कही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. इफेड्रा नावाच्या एका झुडपाचे परागीकरण पौर्णिमेशी जुळते असा दावा स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली केला होता. तिथेही मुद्दा रात्री उडणाऱ्या कीटकांच्या नजरेचाच होता.

आणखी एक उजेडाची गोष्ट. शुक्ल पक्षात चंद्र संध्याकाळी आकाशात असतो, कृष्ण पक्षात पहाटे. हरभरा घाटे फुटू नयेत म्हणून दव असताना उपटतात. वीज नव्हती तेव्हा त्या पहाटेला कृष्ण पक्षातला चंद्र हाच दिवा होता. खळ्यावरची मळणी चांदण्यात चालायची. कामे चंद्राला बांधलेली होती ती अशीही, आणि बांधलेले कारण विसरून गाठ तेवढी आपल्या हातात आली असे कितीतरी ठिकाणी झाले असेल.

बांबूचे बघा. काळोखात तोडलेल्या बांबूला भुंगा लागत नाही, हे कोकणात मेस्त्रीपासून बुरुडापर्यंत सगळे सांगतात. भुंगा बांबूतल्या पिठूळ अंशासाठी, म्हणजे स्टार्चसाठी येतो. तो अंश पाऊस संपल्यानंतर, नवे कोंब वाढवून झाल्यावर कमी असतो, आणि तोडलेला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवला तर आणखी धुऊन जातो. जुनी माणसे हे तिन्ही करत: हंगाम बघत, काळोख बघत आणि ओहोळात दगडाखाली बांबू दाबून ठेवत. आता काळोख तेवढा लक्षात राहिला. चैत्रातल्या अमावास्येला तोडून थेट छपरावर चढवलेल्या बांबूतून वर्षभरात पिवळी भुकटी गळायला लागते आणि मग लोक म्हणतात, जुन्या गोष्टींत दम राहिला नाही.

मी स्वतः हे सगळे नुकसान सोसून शिकले. परसबाग सुरू केल्यावर एक छापील चंद्र-दिनदर्शिका आणून मी स्वयंपाकघराच्या दाराला लावली होती. त्या जूनमध्ये पहिला पाऊस छान झाला आणि कृष्ण त्रयोदशीला वाफसा आला. दिनदर्शिका म्हणाली, फळभाजी शुक्ल पक्षात. मी भेंडी आणि गवारीचे बी हातात घेऊन थांबले. शेजारच्या मावशी त्याच दिवशी पेरून मोकळ्या झाल्या. जाताना कुंपणावरून म्हणाल्या, “अगं, पंचांग बघतेस, माती हातात घेऊन बघ की.” प्रतिपदेच्या आदल्या रात्रीपासून झड लागली ती पाच दिवस. वाफ्यात पाणी साचले. पुढे घाईने चिखलात टोकलेले बी कुजले. मावशींची भेंडी तेव्हा दोन पानांवर होती. त्या वर्षी श्रावणात आमच्याकडे भेंडी त्यांच्या घरून येत होती.

वाफसा या शब्दावर मी या पुस्तकात पुन्हा पुन्हा येणार आहे. जमीन ओली आहे पण चिकट नाही, तिच्यात पाणी आहे तशी हवाही आहे, अशी ती अवस्था. मूठभर माती दाबली तर मुटका होतो आणि कमरेच्या उंचीवरून सोडला तर फुटतो. मुटका चपटा होऊन चिकटला तर थांबा. झालाच नाही तर उशीर झाला. काळ्या मातीत ही वेळ फार थोडी मिळते, तांबड्या जांभ्याच्या मातीत जरा जास्त.  या अवस्थेला मराठीत नेमका एक शब्द आहे आणि तो आपण शहरात आल्यावर टाकून दिला. माझा नियम साधा आहे: आधी वाफसा, मग तिथी. दोन्ही जुळले तर उत्तम. जुळले नाही तर तिथीला नमस्कार करून पेरते.

नैसर्गिक पद्धतींच्या जुन्या ग्रंथांतही मला हाच क्रम दिसतो. कृषिपराशरात शुभाशुभ दिवस भरपूर आहेत, पण त्याच ग्रंथात शेणखताचे वेळापत्रकही आहे. माघात उकिरडा उकरायचा, खत उन्हात वाळवायचे, फाल्गुनात शेतोशेत खड्डे करून त्यांत भरायचे आणि पेरणीच्या वेळी पसरायचे. बीही माघ-फाल्गुनात गोळा करून उन्हात वाळवायचे. महिने चांद्र आहेत, काम मात्र उन्हाचे आणि मातीचे. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदाची पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात पडून होती. डॉ. य. ल. नेने यांनी ती मिळवली, नलिनी साधले यांनी तिचे इंग्रजी भाषांतर केले आणि १९९६ साली सिकंदराबादच्या एशियन ॲग्री-हिस्टरी फाउंडेशनने ते प्रसिद्ध केले. त्यातले कुणपजल म्हणजे मांस, मासळी, चरबी शिजवून, तिळाची पेंड, मध, उडीद असे काय काय घालून आंबवलेले द्रव खत. दुर्गंधीची तयारी ठेवून मी मासळीच्या टाकाऊ भागांवर ते करून पाहिले आहे. कृती आश्विनाच्या प्रकरणात येईल.

कंपोस्टच्या बाबतीत मात्र आपण एका इंग्रजाचे ऋणी आहोत, आणि तो आपल्या शेतकऱ्यांचा. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इंदूरला होते. इथल्या शेतकऱ्याला शिकवायला आलेला हा माणूस त्याच्याकडूनच शिकत गेला. काडीकचरा, शेण, मूत मुरलेली माती आणि राख यांचे थर, पुरेसा ओलावा, ठरावीक दिवसांनी उलथापालथ आणि सुमारे तीन महिन्यांत तयार खत, ही त्यांची इंदूर पद्धत जगभर गेली. ढिगात हात घालून बघा: आठवड्याभरात आत हात ठेववत नाही इतकी ऊब असते. ती ऊब जिवाणूंच्या खटाटोपाची. अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांचे जीवामृतही त्याच जिवाणूंवर उभे आहे. २०० लिटर पाण्यात १० किलो ताजे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत दोन दिवस ठेवून रोज ढवळायचे. एकरभराला एवढे. चार वाफ्यांच्या परसाला त्याचा विसावा हिस्सा पुष्कळ झाला. थंडीत ते आंबायला जास्त दिवस घेते, उन्हाळ्यात कमी, आणि हे थर्मामीटरने कळते.

माझे गुरू मात्र मी कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांना मानते, भेट झाली नाही तरी. गणिताचा हा शिक्षक शेतकऱ्यांना तयार उत्तर द्यायचा नाही. पानावर पडणारे ऊन मोजा, मुळाशी काय चालले आहे ते उकरून बघा, लिहा, एकमेकांना पत्रे पाठवा असे सांगायचा. त्यातून ‘प्रयोग परिवार’ झाला, तासगावकडच्या द्राक्षबागा बदलल्या आणि दहा गुंठ्यांत कुटुंब कसे जगेल याचे गणित लोकांनी स्वतः मांडले. ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांचे पुस्तक माझ्या बागेतल्या खुर्चीवर कायम असते. पानांना मातीचे डाग पडले आहेत.

पुढची बारा प्रकरणे चैत्रापासून फाल्गुनापर्यंत लावली आहेत. चांद्रमास मी मुद्दाम ठेवले. मार्गशीर्षातल्या वेळा अमावास्येला लातूर-धाराशिवकडे अख्खे गाव शेतावर जाते, कडब्याच्या खोपीत पूजा मांडते, भज्जी आणि आंबील खाते, आणि त्या निमित्ताने घरातली म्हातारी माणसे आणि शहरातली मुलेही उभे पीक बघून येतात. असे दिवस कॅलेंडरातून काढून टाकण्यात मला शहाणपण दिसत नाही. प्रत्येक प्रकरणात त्या महिन्याची रीत आधी दिली आहे, मग ती का असावी याचा माझा तर्क, आणि शेवटी मातीत काय करायचे ते. रीत आणि तर्क यांची सरमिसळ होऊ नये म्हणून ते वेगळे छापले आहेत.

वाचकाकडे एक मागणे आहे. या थंडीत मुळ्याचे दोन वाफे करा, शेजारी-शेजारी, एकाच मातीचे, एकाच खताचे. एकात शुक्ल पक्षात बी टाका, दुसऱ्यात कृष्ण पक्षात, आणि दोन्ही वेळा वाफसा बघून. वहीत तारीख, तिथी, पाऊस, उगवलेली रोपे आणि पंचेचाळीसाव्या दिवशी उपटलेल्या मुळ्यांचे वजन लिहा. एका वर्षावर निकाल ठरवू नका. निदान तीन हिवाळे करा. निकाल माझ्या म्हणण्याविरुद्ध आला तर तो आधी मला कळवा. पुढच्या आवृत्तीत मी तो छापीन.